पोलोच्या मैदानात मैना

भटू आप्पांनी आयुष्यभर घोड्यांना नाचायला शिकवलं. कळसाडीपासून पार गुजरातच्या हद्दीपर्यंतचे नवरदेव त्यांच्याच घोड्यांवर बसून मांडवात गेले. आता गुडघे गेले, म्हणून शेवटची घोडी मैना त्यांनी शहाद्याच्या हेमकांतला दिली. हेमकांतला पोलोचं वेड. बोली एकच झाली होती: पहिल्या सामन्यात मैना चालली तर त्याची, नाही तर परत आप्पांच्या दावणीला.

म्हणून आप्पा आज तापीकाठच्या मैदानात अगदी पुढे बसले होते. पोलो कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. मनात एकच गोष्ट होती, मैना चुको आणि घरी येवो.

"यामा मन्ही सवत कोनती वो?" छबूबाईंनी शेंगा सोलत नवऱ्याला विचारलं.

"ती, पांढरा तोंडनी."

"मंग सांगा तिले, घर खुटा रिकामाच शे."

हिवाळ्याचं ऊन धुळीत विरघळलं होतं. आठ घोडी त्यात पोटापर्यंत बुडालेली. पाय दिसतच नव्हते, नदीवर होड्या सरकाव्यात तशी ती सरकत होती. लाकडी चेंडूचा टक्क आवाज चेंडू निघून गेल्यावर कानी यायचा. आप्पांना वाटलं, आपण पेंगतोय की काय.

मैनेवर बसलेल्या हेमकांतनं गोल केला. संयोजकांनी हौसेनं लग्नाचा बँड बोलावला होता. ढोलवाल्या ललितनं वरातीचाच ठेका धरला आणि खेळ पुन्हा सुरू झाला तरी सोडेना. मैना थबकली. मान वाकवली, पुढचा पाय उचलला आणि लागली नाचायला. मैदान खो खो हसलं. एकानं तर नोटही ओवाळली. हेमकांत टाच मारतोय, ओरडतोय, ही आपली नाचतेच आहे.

"चला, घर उनी तुमनी मैना," छबूबाई म्हणाल्या.

आप्पांच्या तोंडावर हसू आलंच होतं. पण नजर तिच्या कानांवर गेली. मघाशी चेंडूमागे धावताना ते ताठ उभे होते, आता नाखूश घोड्याचे पडतात तसे मागे पडले होते. नाचताना ते कायम असेच पडायचे. वरातीत घोडीचे कान कोण बघतो? आप्पांनीही कधी मनावर घेतलं नव्हतं.

ते उठले, गुडघे दाबत ललितपर्यंत गेले आणि त्याचा काठीचा हात धरला.

"बंद कर."

"आप्पा, सुपारी लेल शे! आनि देखा ना, कशी नाची ऱ्हायनी!"

"तिले पयू दे."

ढोल थांबला. मैनेनं अंग झाडलं आणि ती चेंडूमागे पळत धुळीत शिरली.

मध्यंतराला भोंग्यावरून सांगितलं, टापांनी उखडलेली माती प्रेक्षकांनी मैदानात येऊन पायांनी दाबावी, अशी या खेळाची रीत आहे. आप्पांनी चपला काढून छबूबाईंच्या हातात दिल्या.

"आते तठे काय पेरनी करवानी शे?"

"खड्डामा पाय मुरगयी तिना," आप्पा म्हणाले, आणि टाचेनं एकेक ढेकूळ जागेवर बसवत उन्हात पुढे सरकत गेले.