आत्याबाईंचा पाय आणि माझा ब्लाउज

मांजर पाळलं की घरात दोन गोष्टी साचत जातात, केस आणि किस्से. केस निदान झाडून टाकता येतात. किस्से मात्र कुणी नुसतं "काय म्हणतंय तुमचं मांजर?" विचारलं की बाहेर पडतात, आणि आमच्या बिबवेवाडीच्या बिल्डिंगमध्ये हे विचारल्याशिवाय कुणी जिना चढत नाही.

आमच्या मांजरीचं नाव आत्याबाई. नऊ वर्षांपूर्वी न बोलावता आली, घरातली सगळ्यात चांगली खुर्ची बळकावली आणि तेव्हापासून प्रत्येक गोष्टीला नाक मुरडते. दुसरं काय नाव ठेवणार? आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, म्हणतात. आमच्या आत्याबाईंना मिशा आहेत, पण काका म्हणायची हिंमत कुणाची नाही!

*

तर या आत्याबाई एकदा गच्चीवर काळ्या बोक्याशी भांडून आल्या. मागच्या उजव्या मांडीवर ही एवढी जखम! प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तर आत्याबाईंनी आधी त्यांचंच बोट फोडलं. डॉक्टरीणबाईंनी फाइलवर लाल शाईनं "सावधान" लिहिलं आणि मग मला सांगितलं, "दिवसातून दोनदा जखम धुवायची, मलम लावायचं. आठवड्याभरात सुधारली नाही, तर पाय काढावा लागेल."

मी विचारलं, "आणि ही धुवू देणार नाही, त्याचं काय?"

"ते तुमचं तुम्ही बघा," बोटाला पट्टी गुंडाळत त्या म्हणाल्या.

चाटू नये म्हणून त्यांनी गळ्यात घालायला एक प्लास्टिकची कॉलर दिली होती. ती दुसऱ्या दिवशी गच्चीवर सापडली. आत्याबाई तिच्यात बसून ऊन खात होत्या.

*

आमचे हे कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. रिटायर झाले, पण सेफ्टी काही रिटायर झाली नाही. म्हणाले, "हे काम असं नाही करायचं. पद्धत असते." हेल्मेट, गॉगल, कोपरापर्यंत चामड्याचे हातमोजे घातले. मला आणि मुलीला, ऋताला, समोर उभं करून पाच मिनिटं सूचना दिल्या. "पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या खात्यात एकही अपघात नाही!"

आत्याबाईंनी कपाटावरून हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि खाली येऊन यांच्या पायाचा अंगठा दातांत धरला. तेवढाच उघडा होता ना!

दवाखान्यात डॉक्टरांनी यांना विचारलं, "मांजराला रेबीजची लस दिली आहे का?"

हे म्हणाले, "दरवर्षी. मलाच द्यायची राहिली."

*

ऋता आयटीत आहे. ती कुठलीही गोष्ट व्हिडिओ बघून करते. "आई, चिल! टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळायचं, बस." आणि खरंच गुंडाळलं हो तिनं! सगळी मांजर टॉवेलात. जखम पण टॉवेलात. बाहेर राहिलं ते फक्त तोंड!

मग जो आरडाओरडा झाला तो ऋताच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी ऐकला, कारण मॅडम माइक बंद करायला विसरल्या होत्या. मॅनेजरनं घाबरून विचारलं, "ऋता, घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो सर, आत्याबाईंना औषध लावतोय."

मग मॅनेजर हळूच म्हणाला, "वयस्कर माणसांशी जरा प्रेमानं वागत जा."

*

चौथ्या दिवशी जखमेला वास यायला लागला. आत्याबाई तीन पायांवर लंगडत होत्या आणि कुणी जवळ गेलं की फिस्कारत होत्या. मी ओट्याशी उभी राहून रडले, खोटं कशाला सांगू.

डोळे पुसून खाली उस्मानभाईंकडे गेले. आमच्या तळमजल्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासून. भाचीच्या लग्नात नेसायच्या साडीचा रेशमी ब्लाउजपीस मी दिवाळीपासून त्यांच्याकडे टाकला होता. रोज विचारलं की एकच उत्तर, "झालंच वहिनी, फक्त हुक लावायचं राहिलंय."

त्या दिवशी मात्र मी ब्लाउजचं विचारलंच नाही. पाय जाईल म्हणून रडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुपारी ती माझ्या टेबलावर झोपायला येते, गरम इस्त्रीच्या कपड्यांवर. तिला तेवढंच आवडतं. माप घेतो."

संध्याकाळी आम्ही खाली गेलो, तर कापायच्या टेबलावर खडूनं मांजराची आकृती काढलेली. हे म्हणाले, "काय उस्मानभाई, खून झाला की काय?"

"माप आहे साहेब. झोपेतच घेतलं." आणि त्यांनी एक अंगरखा पुढे केला. चार बाह्या, पोटाखाली नाडी आणि उजव्या मांडीवर हुकाची छोटी खिडकी!

मी कापड चाचपलं. "अहो, हे तर माझं ब्लाउजचं कापड!"

"सुती कापड जखमेला चिकटतं, वहिनी. रेशीम चिकटत नाही."

"आणि माझा ब्लाउज दिवाळीपासून होत नाही, हा मात्र एका दुपारात झाला?"

"ब्लाउज नाही म्हणून तुमचा पाय कापणार होते का?"

*

मग रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला उस्मानभाई अंगरखा इस्त्रीनं कोमट करायचे, आणि आत्याबाई आपण होऊन त्यात शिरायच्या! मी खिडकी उघडून जखम धुवायची. त्या गुरगुरायच्या, आणि उस्मानभाई डोक्यावरून हात फिरवत म्हणायचे, "झालंच बाई, फक्त हुक लावायचं राहिलंय." वीस वर्षं ज्या थापेवर आम्ही बायका गप्प बसलो, त्याच थापेवर मांजरही गप्प बसलं!

आठव्या दिवशी आम्ही सगळे दवाखान्यात गेलो, अंगरख्यासकट. डॉक्टरीणबाईंनी खिडकी उघडली आणि दोनदा बघितलं. "अहो, जखम भरली! पाय वाचला!" मी तिथेच उस्मानभाईंना हात जोडले. त्यांनी टेप नीट गळ्यात अडकवली आणि म्हणाले, "फिटिंग चांगलं असलं की कुणी चावत नाही."

खूश होऊन डॉक्टरीणबाईंनी फाइलवरचं "सावधान" खोडलं. आत्याबाईंनी त्यांच्या अंगठ्याला दात लावला. त्यांनी ते परत लिहिलं.

*

भाचीच्या लग्नाच्या सकाळी उस्मानभाई ब्लाउज घेऊन स्वतः वर आले. अजून गरम होता. मी तो पलंगावर ठेवला मात्र, आत्याबाईंनी कपाटावरून चारही पाय टेकवत नेमकी त्यावर उडी मारली. मी ओरडले नाही. चारही पाय मोजले आणि त्यांना अलगद बाजूला केलं.

मग ब्लाउज उलटा करून बघितला. कापड कमी पडलं होतं, म्हणून पाठीवर बरोब्बर मांजराएवढी खिडकी, वर एक हुक.

"वहिनी, हल्ली फॅशन आहे," उस्मानभाई जिना उतरता उतरता म्हणाले.

काय करणार, तोच घालून गेले. कार्यालयात एकेक बाई मागून येऊन माझी पाठ बघत होती. शेवटी नवऱ्यामुलाच्या आईला राहवेना. "अय्या, किती सुंदर! ही पाठीची आयडिया कोणत्या डिझायनरची?"

मी मान ताठ करून सांगितलं, "नाही हो, आमच्याकडे डॉक्टरांनी धुवायला सांगितलं होतं ना, म्हणून खिडकी ठेवलीय."