सव्वीस फोटोंची बॅटरी

माझ्या कॅमेऱ्याला लागणारी बॅटरी बाजारातून कधीच गेली. कॅमेरा डिजिटल आहे, पण जुन्या पद्धतीचा. रेंजफाइंडर म्हणतात त्याला. वरच्या कोपऱ्यात छोटी काचेची खिडकी असते, तिच्यातून बघायचं. मधोमध एक फिकट चौकोन दिसतो आणि त्यात समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा असतात. लेन्सची रिंग फिरवत दोन्ही एकमेकींवर बसवल्या की फोकस झाला. त्याला वीज लागत नाही, कॅमेरा बंद असला तरी जमतं. मी टूलरूमचा माणूस. डायचे, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याचे, दोन भाग एकमेकांवर बिनचूक बसवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे हे काम पहिल्याच दिवशी माझ्या हातात बसलं.

चिंचवड गावठाणात एक फोटो स्टुडिओ बंद होत होता, तिथल्या म्हाताऱ्या मालकाकडून मी तो घेतला होता. सोबत दोन बॅटऱ्या मिळाल्या. त्यातली एक वर्षभरात फुगली. दुसरीवर माझं चाललं होतं. सुटीच्या दिवशी रहाटणीच्या गल्ल्यांतून हिंडायचं, दहाबारा फोटो काढायचे, घरी यायचं. तेवढ्याला ती पुरायची.

मग आमची कंपनी बंद होत असल्याची नोटीस लागली. चाकणला आमचं प्रेस शॉप होतं, गाड्यांचे पत्र्याचे पार्ट काढायचं. सगळ्या मशिनी दुसऱ्या राज्यात जाणार होत्या. माणसं जाणार नव्हती. मी बावन्न वर्षांचा होतो. दोन महिन्यांत सात ठिकाणी जाऊन आलो. सगळ्यांनी चहा दिला आणि ‘कळवतो’ म्हणाले.

शेवटच्या आठवड्यात चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, “अठरा वर्षं झाली, पण मशिनीवर उभा असलेला माझा एक फोटो नाही.” खरंच कुणाकडेच नव्हता. मोबाइल रोज गेटवरच्या पेटीत जमा व्हायचे, ते सुटल्यावरच परत मिळायचे.

माझा मित्र शेजारी बसला होता. शंभर टनी प्रेसवरचा ऑपरेटर. खेडकडच्या एका गावचा. एकोणीस वर्षं आम्ही एकाच बाकावर डबा खाल्ला. माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, “हा काढंल की. ह्याच्याकडं कॅमेरा हाय.”

अठ्ठेचाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी हो म्हणालो.

प्लांट हेड साहेबांकडे परवानगी मागायला गेलो. ते म्हणाले, “शनिवारी पहिल्या शिफ्टला. दोन तास. कुठलाही पार्ट फोटोत दिसता कामा नये. आणि मोबाइल नाही म्हणजे नाही.”

त्या संध्याकाळी घरी येऊन मी बॅटरी पूर्ण चार्ज केली आणि गॅलरीत जाऊन भिंतीचे फोटो काढायला लागलो. मोजत होतो. पडद्यावर निम्मी बॅटरी दिसत असताना, बाविसाव्या फोटोला कॅमेरा गप्प झाला.

पुढचे चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. मागचा पडदा बंद केला, म्हणजे फोटो काढल्यावर तो दिसणार नाही. कॅमेरा सारखा चालू-बंद केला तर चालू होतानाच बरीच वीज खातो, आणि चालू ठेवला तर बसल्या बसल्या पितो, हेही कळलं. दर फोटोनंतर आतली छोटी मोटर शटर पुन्हा ओढून ठेवते, तिचा खर्च काही टाळता येत नाही. प्रकाश मोजायचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. प्रेस शॉपच्या ट्यूबलाइटखाली काय ठेवायचं, मोठ्या दाराजवळ काय, हे चिकटपट्टीवर लिहून कॅमेऱ्याच्या तळाला लावलं. एवढं करून एकोणतीस फोटो आले. त्याच्या पुढे एकही नाही.

तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, “अहो, शनिवारनंतर काय, ते तुम्ही बघताय का? का हेच बघताय?”

मी म्हणालो, “हे निदान मला बघता येतंय.”

ती आत निघून गेली. मला स्वतःची लाज वाटली, पण बॅटरी मी पुन्हा चार्जिंगला लावलीच.

शुक्रवारी पिंपरीत एका दुकानात गेलो. ड्रिल मशिनच्या बॅटऱ्या उघडून आतले सेल बदलणारा एक कारागीर तिथे बसतो. पांढरी दाढी, डोळ्याला भिंग. त्यानं बॅटरी हातात तोलली, दोन तारा लावून बघितल्या आणि बाजूला ठेवली.

“थकली आहे,” तो म्हणाला. “सेल बदलता येतील. पण आत चिप आहे. सेल काढले की ती कधीकधी कायमची रुसते. मग नवे सेल घातले तरी कॅमेरा हिला ओळखणार नाही.”

“किती वेळा रुसते?”

“दोनात एकदा धरा. काम कधी आहे?”

“उद्या सकाळी.”

त्यानं बॅटरी परत माझ्या हातात दिली. “मग आज हिला कुणी हात लावायचा नाही. आणि हे थंडीचे दिवस आहेत, उघड्यावर ठेवू नका. अंगाजवळ ठेवा. गार पडली की आहे तेवढंही देणार नाही.” पैसे घेतले नाहीत.

शनिवारी पहाटे कंपनीच्या बसमध्ये ती बॅटरी स्वेटरच्या आत, बनियनच्या खिशात ठेवून बसलो. खिडक्यांवर धुकं होतं. मित्र शेजारी होता. दाढी करून आला होता, गणवेशाला कडक इस्त्री.

शॉपमध्ये मी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, “बॅटरी एकोणतीस फोटोंची आहे. दोघादोघांनी उभं राहावं लागेल. डोळे मिटले गेले तरी दुसरा फोटो नाही.”

कुणी वाद घातला नाही, पण चेहरे उतरले. प्रत्येकाला आपल्या मशिनीवर एकट्याचा हवा होता. मी सुरुवात केली. कॅमेरा बंद ठेवून खिडकीतून बघायचो, रिंग फिरवून दोन प्रतिमा एक करायचो, माणूस नीट उभा राहिला की चालू करायचं, एक क्लिक, बंद. पत्रा कापायच्या शिअरिंग मशिनवरच्या दोघांचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. मशिनीच्या दोन टोकांना, जितकं लांब राहता येईल तितके लांब उभे राहिले. मी तसाच काढला.

तपासणीच्या टेबलावर एक बाई होत्या, लातूरकडच्या. त्या हळूच म्हणाल्या, “दादा, माझा एकटीचा काढा ना. पोरीला दाखवायचाय, तिला वाटतं मी नुसती खुर्चीवर बसते.” मला नाही म्हणता आलं नाही. मग म्हाताऱ्या फिटरला नाही म्हणता आलं नाही. असे आठ एकट्याचे गेले.

मित्र दर थोड्या वेळानं येऊन उभा राहायचा. मी म्हणायचो, “थांब रे, तुझा करतोच.” तो आपला माणूस, थांबेल, असं मी धरून चाललो होतो. आजवर मी केलेल्या चुकांत ही मला सगळ्यात जास्त टोचते. परकी माणसं मी आधी घेतली आणि त्याला मागे ठेवलं.

सव्विसावा फोटो झाला आणि शटरचा आवाज अर्धवट आला. कॅमेरा गेला. मी बॅटरी काढली, बगलेत धरली, दहा मिनिटं तशीच. लोक भोवती उभे. परत घातली. हिरवा दिवा क्षणभर लागला आणि विझला. पुन्हा काढली, तळहातात चोळली, तोंडाची वाफ दिली. काही नाही. चार माणसं राहिली होती, त्यात तो.

मी साहेबांच्या केबिनकडे जवळजवळ पळत गेलो. “साहेब, चार माणसं राहिलीत. माझा मोबाइल पाच मिनिटं आत आणू द्या. सिक्युरिटीला सोबत उभं करा.”

“मी सांगितलं होतं.”

“साहेब, आज शेवटचा दिवस आहे. उद्या कोण कुणाला विचारणार आहे?”

“मला विचारतील,” ते म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचंही काय होणार होतं कुणास ठाऊक.

शिफ्ट सुटली. गेटबाहेर मोबाइल हातात आल्याबरोबर मी त्या चौघांना थांबवलं. तिघांनी कंपनीच्या भिंतीपुढे उभं राहून काढून घेतला. मित्र पिशवी खांद्याला लावून बाजूला उभा होता.

“ये ना.”

“नगं.”

“अरे, निदान गेट तरी येईल मागं.”

त्यानं डावा हात वर केला. त्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापासून नाही. बारा वर्षांपूर्वी त्याच प्रेसनं घेतली होती. सहा आठवड्यांनी तो परत त्याच मशिनीवर उभा राहिला होता.

“भायेर कशाला काढू?” तो म्हणाला. “बोट माझं आत गेलंय राव. भायेर न्हाई गेलं.”

तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. बस आली तेव्हा तो पुढच्या सीटवर जाऊन बसला. मी मागे बसलो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी दुपारी मी जेवलो नाही. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. मशिनी उचलणाऱ्या ठेकेदाराच्या माणसांनी डाय एकमेकांत मिसळून ठेवल्या होत्या, कुठली कुठल्या प्रेसची ते कुणाला कळेना. सोमवारी याल का, असं ते विचारत होते. त्यांच्या आवाजात विनंती होती.

“येतो,” मी म्हणालो. “पण माझ्यासोबत एका माणसाला आत सोडा. कॅमेऱ्यासकट.”

ते म्हणाले, “आणा.”

मित्राला फोन केला. सोमवारी तो मोटरसायकलवर कंपनीच्या गेटवर आला, तोच गणवेश घालून, त्याच इस्त्रीचा. आम्ही आत गेलो आणि दारातच थांबलो. शंभर टनी प्रेस नव्हती. रविवारीच ट्रेलरवर चढून गेली होती. जमिनीतून वर आलेले चार जाड बोल्ट होते, त्यांच्यामध्ये तेलानं काळा झालेला चौकोन, आणि त्याच्या पुढे, जिथे माणूस उभा राहतो तिथे, काँक्रीट घासून गुळगुळीत झालेलं.

“माझ्यामुळं झालं,” मी म्हणालो.

“व्हय,” तो म्हणाला. “तुझ्यामुळंच झालं.”

मग तो चालत गेला आणि त्या गुळगुळीत जागेवर जाऊन उभा राहिला. शर्ट खाली ओढला. हात मागे बांधले, मग सोडले, मग परत बांधले. “काढ आता,” म्हणाला.

मी खिडकीला डोळा लावला. त्याच्या दोन प्रतिमा दिसत होत्या, रिंग फिरवत होतो, पण त्या एक होत नव्हत्या. डोळे भरून आले की तो चौकोन काही कामाचा राहत नाही. मी अंतर पावलांनी मोजलं, लेन्सवरचा आकडा लावला आणि फोटो काढला. मग दुसरा काढला. तिसरा. बॅटरी वाचवायची शुद्ध नव्हती. अकरा काढले. कॅमेरा चालतच राहिला.

त्यानंतर तीन दिवस मी डाय ओळखून त्यांच्यावर खडूनं नंबर घालत होतो. मग तेही काम संपलं.

आता मी मारुंजीत एका मोठ्या सोसायटीत पंप आणि जनरेटर बघतो. पगार निम्मा आहे, पण बायको आता रात्री झोपते. मित्र गावाजवळच्या एका गोदामात माल मोजून घेतो. सगळ्यांचे फोटो छापून मी त्याच्याकडेच दिले, त्यानं घरोघरी पोचवले. त्याचा स्वतःचा फोटो त्यानं भिंतीवर लावलेला नाही. मागच्या महिन्यात त्याच्या घरी गेलो होतो, तेव्हा त्याच्या सुनेनं तो कपाटातून काढून आणला आणि मला विचारलं, “हे मामंजी मोकळ्या जागेत असे का उभे आहेत?”

मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, “बस. सांगतो तुला.” आणि त्यानं तिला सांगायला सुरुवात केली, पहिल्या दिवसापासून, प्रेस कशी चालवायची इथपासून. मी चहा प्यायलो आणि ऐकत बसलो.