गवतातली चिमी

हॉटेलच्या तळघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या चिमीला कुणी विचारलं, "एकटीला कंटाळा येत नाही का गं?" की तिला हसूच फुटायचं. कंटाळा कसला डोंबलाचा! खिडकी नाही, सोबत नाही, नुसती वाफ; पण डोळे मिटायचा अवकाश, नदीकाठचं गवत हजर. डोक्याहून उंच, पांढऱ्या तुऱ्यांचं. वारा आला की सगळं एकदम वाकायचं आणि त्यातून इवलीशी चिमी धावत सुटायची. नवरा गेल्यापासून ती त्या गवतावरच जगत होती. असं कुणाला सांगितलं तर म्हणतील, बाई आहे की गाय! पण होतं ते खरंच.

परवा तिची ताई राहायला आली. गवताच्या गोष्टी लहानपणी तिनेच शंभरदा सांगितलेल्या. चहा पिताना पुन्हा विषय निघाला आणि ताई बोलून गेली, "आम्ही गेलो होतो ना तिथे, तेव्हा..."

"आम्ही काय? आपण म्हण की. मी होते ना!"

ताईने कप खाली ठेवला.

"तू कुठली असायला? तुझा जन्मही नव्हता. ती चिमी वेगळी, तुझ्याआधीची. त्या गवतातून पळत सुटली ती थेट नदीत गेली गं. आई वेडीपिशी झाली. मग तू झालीस, तर तुलाच चिमी म्हणायला लागली. आईला बरं वाटावं म्हणून मीही 'आपण' म्हणत राहिले."

आता बोला! आयुष्यभर जे आपलं म्हणून उराशी धरलं, ते दुसऱ्याच पोरीचं निघालं.

दुसऱ्या दिवशी तळघरात डोळे मिटायची तिची छातीच होईना. गवत आलंच नाही तर? मग या वाफेत जगायचं कशावर? शेवटी जीव मुठीत धरून तिने डोळे मिटले.

गवत आलं. तोच वारा, तेच तुरे. आनंदही तोच, ऊर भरून आला. फक्त आज पोर पुढे धावत होती आणि ही मागे उभी होती. पोर नदीकडे निघालेली.

"अगं, थांब!"

पोर थांबली. वळून तिच्याकडे टकामका बघायला लागली. "तू कोण?"

"तुझी धाकटी बहीण," पिकल्या केसांची चिमी म्हणाली.

पोर खुदकन हसली. हात पुढे करून म्हणाली, "मग चल की."

चिमीने डोळे न उघडताच इस्त्री बाजूला उभी केली आणि गवतातून तिच्या मागोमाग निघाली.