बरखास्त पलटणीचा बिल्ला

जपानमधल्या ओजिमात आमच्या खालच्या मजल्यावर एक स्कॉटिश आजोबा राहतात. त्यांचे आजोबा, वडील आणि ते स्वतः एकाच पलटणीत होते. पलटण केव्हाच बरखास्त झाली, पण तिचा बिल्ला ते कचरा टाकायला जातानाही कोटावर लावतात.

गणपतीत त्यांनी आमच्या मंडळासाठी बॅगपाइप वाजवला. त्यांना शाल पांघरवताना अध्यक्ष माइकवर इंग्रजीत म्हणाले, "पलटण बंद पडली, आजोबा अजून ड्यूटीवर!" सगळे हसले. ते हसले नाहीत.

दुसऱ्या सकाळी ती शाल जळाऊ कचऱ्यात दिसली, नीट घडी घातलेली.

अध्यक्ष संतापलेत. "अपमान केला हो आपला!"

अहो अध्यक्ष, त्याच माइकवरून तुम्ही दोनशे वर्षांपूर्वी बुडालेल्या राज्याचा जयघोष केलात. तेव्हा ते हसले होते का?