खडूचा गोल

"तुमची जागा कोणती, बाबूजी?"

हा प्रश्न दादांनी मला त्यांच्या मुलीच्या लग्नात विचारला. मी भोळेपणानं पंगतीतल्या रिकाम्या पाटाकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली. "ती नाही. फोनपाशी कोन बसलंय?" बदली माणसाचं नाव सांगितलं, तेव्हा कुठं माझ्या पानात मावा जिलबी पडली.

बुऱ्हाणपूरच्या अग्निशमन केंद्रात मी फोन घ्यायचो आणि ते आमच्या पाळीचे प्रमुख. सगळे त्यांना दादा म्हणत. बंबाच्या शेडमध्ये त्यांनी खडूनं गोल काढून ठेवले होते. पंपाचा एक, पाइपचे दोन, शिडीचा एक, ड्रायव्हरचा एक. ड्यूटीवर आलेल्यानं आधी आपल्या गोलात उभं राहायचं, मग चहा. माझ्या खुर्चीभोवतीही एक गोल होता. त्याला मी लक्ष्मणरेषा म्हणून हसायचो.

एका नव्या जवानाला त्यांनी जागा विचारली, तर तो छाती काढून म्हणाला, "जिथं आग, तिथं मी!"

"आगीपाशी तर पब्लिक बी जाते, भैया." चहावर साय धरेपर्यंत तो पाइपच्या गोलात उभा होता.

मग एका दुपारी फोन आला. लूमच्या गल्लीत, खालच्या कारखान्यात सुताला आग, वरच्या मजल्यावर बाई अडकलेली. घर कोणाचं ते ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं. दादांची लेक. त्यांना सांगितलं. ते फक्त "चला" म्हणाले आणि बंबावर चढले.

पुढचं मला शिडीवाल्यानं सांगितलं. तिथं पोचताच तो त्यांना म्हणाला होता, "दादा, तुम्ही वर जा. पंप मी पाहतो."

"पंप माझा, शिडी तुझी. जा जल्दी!"

त्यानं तिला खांद्यावर टाकून सुखरूप खाली आणलं. दादांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. आग विझली, पंप बंद झाला, मगच ते लेकीजवळ गेले.

खरं सांगतो, मला रागच आला. बाप की दगड? दुसऱ्या दिवशी तोंडावर विचारलंच.

"पानी तुटलं असतं तर वरचे दोघंबी गेले असते, बाबूजी."

बोलताना त्यांना चहाचा कप ओठांपर्यंत नेता येईना, दोनदा सांडला. शेवटी मीच तो त्यांच्या ओठांशी धरला. त्यानंतर गोलाची थट्टा मी कधी केली नाही.

निवृत्तीनंतर दादा फार दिवस राहिले नाहीत. त्यांना तापीच्या घाटाकडे नेताना वाट केंद्रावरूनच होती. सुट्टीवरचे सगळे गेले. ड्यूटीवरचे आपापल्या गोलात उभे राहिले, कोणी सांगितलं नव्हतं. मला मात्र एकदा तरी खांदा द्यायचा होता. चपलाही पायात घातल्या. मग खाली लक्ष गेलं.

'राम नाम सत्य है' जवळ आलं, फाटकासमोरून गेलं, लांब झालं. मी खुर्चीपाशी हात जोडून उभा होतो. तेवढ्या वेळात फोन एकदाही वाजला नाही. मी रेघ ओलांडली नाही.