पहाडीवरच्या सतरा बकऱ्या

बायाबाईचं अर्धं आयुष्य लाखांदूरजवळच्या एका पहाडीवर बकऱ्या चारण्यात गेलं. पिल्लू जन्मलं की नाळ कापायला ती तिथलाच एखादा पातळ, धारदार दगड उचलायची.

एके दिवशी खोदकामवाला मनिष साहेब तिथं आला. तिच्या हातातला दगड त्यानं मागून घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. हजारो वर्षांपूर्वी या पहाडीवर गुराख्यांची वस्ती होती, म्हणाला. ते दगडाची हत्यारं घडवायचे आणि खालच्या लोकांना देऊन धान्य घ्यायचे.

"म्हंजे माह्यासारखेच," बायाबाई म्हणाली.

"अगदी तुमच्यासारखेच, मावशी!"

महिन्याभरात तिथं फलक लागला : 'प्राचीन गुराख्यांची वस्ती. येथे गुरे चारण्यास सक्त मनाई.'

पहाडीची खडानखडा माहिती असलेलं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून चौकीदारही बायाबाईलाच नेमलं. शिट्टी मिळाली, वही मिळाली. बकऱ्या रोज सवयीनं वर चढत. ती शिट्टी फुंकून त्यांना हाकलून देई आणि शेजारच्या रंजूकडून वहीत लिहून घेई : 'आज बायाबाईच्या बकऱ्या घुसल्या. बाईस समज दिली. ऐकत नाही.'

"सोताचंच नाव कायले सांगून राहिली, मावशी?" रंजूनं विचारलं.

"मंग खोटं लिहू का? नोकरी हाय."

वही भंडाऱ्याच्या कचेरीत पोचली आणि सुनावणीच्या दोन नोटिसा आल्या, एक तक्रारदाराला, एक आरोपीला. बायाबाई एस.टी.नं गेली. तिथल्या मोठ्या साहेबांनी तक्रारदाराला पुकारलं, ती उभी राहिली. आरोपीला पुकारलं, ती उभीच होती.

"दुसरी बाई कुठंय?"

"मीच दोघी, साहेब."

तिनं स्वतःविरुद्ध चोख साक्ष दिली. सांगता सांगता तिला आरोपीचा खरोखरच राग आला. "लय हट्टी बाई हाय ते! पन साहेब, बकऱ्या उपाशी मरतीन, तं तिनं तरी काय कराचं?" आणि तिचे डोळे भरून आले.

 साहेबांनी सुनावणीला आलेल्या मनिषला विचारलं, "गुराख्यांची वस्ती म्हणता, तर तिथं गुरं असणारच ना?"

"असणारच, साहेब."

"मग यादीत धरा."

अशा तऱ्हेनं सतरा बकऱ्या प्राचीन अवशेषांत दाखल झाल्या. अवशेष जागेवरून हलवता येत नाहीत, तेव्हा त्यांना संध्याकाळी घरी न्यायचीही बंदी आली. बायाबाईनं वरच कुडाची झोपडी घातली, चूल मांडली. भेटीला येणाऱ्यांना ती बिनदुधाचा चहा पाजते. अवशेषांचं दूध काढावं की नाही, हे अजून वरून कळलेलं नाही.