निळ्या चौकडीचा झगा

मंगळवारी सकाळी मँचेस्टरच्या ट्रॅममध्ये खिडकीजवळची जागा मिळाली, की लीलावतीबाई डोळे मिटायच्या आणि थेट समुद्रापार पोचायच्या. पेन्शनरांच्या फुकट पासावर एवढा लांबचा प्रवास दुसऱ्या कुणी केला नसेल.

पलीकडे अडीचशे वर्षांपूर्वीचं अमेरिकेतलं एक बंदर होतं. धुक्यातून आधी काकवीचा वास यायचा, मग खारवलेल्या माशांचा, मग धक्क्यावरची पिंपं दिसायची. टोपीवाला दुकानाची फळी उघडत असे, मेणबत्त्या विकणारी बाई उंबरा झाडत असे. रमच्या पिंपांशेजारी माणसं उभी केलेली असायची, आणि त्यांचाही भाव त्याच आवाजात पुकारला जायचा. कुणी थबकत नसे. लोक मासे घेत, मेणबत्त्या घेत, चिखल चुकवत घरी जात. या सगळ्यातून सहा वर्षांची एक काळी मुलगी टोपली घेऊन पुढे चाललेली असायची. अंगात निळ्या चौकडीचा झगा. लीलावतीबाई तिच्या मागे मागे जायच्या, पण तिचं तोंड त्यांना कधी दिसलं नाही. तेवढ्यात त्यांचा स्टॉप यायचा.

लीलावतीबाई मूळच्या मिरजेच्या, वय एकाहत्तर. नवरा डॉक्टर उल्हास. इथल्या हॉस्पिटलांत रोग्यांना भूल देण्यात त्यांची हयात गेली. बाईंनी पुढच्या खोलीत मशीन टाकलं आणि चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, उसवले, पुन्हा शिवले. शिवणीच्या आत त्या भरपूर माया सोडत, म्हणजे पुढे कपडा वाढवता यावा म्हणून जास्तीचं कापड दुमडून ठेवत. इतर शिंपी एक बोट सोडत, तर यांची चार बोटं. माणूस वाढतं, एवढंच त्या म्हणत. ओळखीतल्या डॉक्टरांच्या बायका हसायच्या, आणि दोन वर्षांनी तोच ब्लाउज सैल करून घ्यायला गुपचूप यायच्या.

उल्हास गेले त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर मशीनवर कापड चढलं नाही आणि घर खायला उठू लागलं. लेक देवयानी लांब, लंडनजवळच्या क्रॉयडनला. तिनेच ऑनलाइन फॉर्म भरून आईला एका म्युझियमच्या कापडविभागात व्हॉलंटिअर म्हणून चिकटवलं. आठवड्यातून एक दिवस. त्या दिवसासाठी लीलावतीबाई सोमवारी संध्याकाळीच कार्डिगन काढून ठेवायच्या. बाकीचे सहा दिवस या एकाच्या आधाराने निघत होते, हे त्यांनी लेकीला सांगितलं नव्हतं.

विभाग मॉरीनच्या ताब्यात होता. साठीची, उंच, मोजकं बोलणारी बाई. तिने पहिल्याच दिवशी नियम सांगितले. व्हॉलंटिअरने भिंगाचा दिवा धरायचा आणि दिसेल ते लिहायचं. शिवायचं नाही, उसवायचं नाही, कापडाजवळ सुई-कात्री आणायची नाही. नियम मोडला तर दुसरी संधी नाही, कारण कापडालाही दुसरी संधी मिळत नसते. लीलावतीबाईंना हे अगदी पटलं. मनाला पटणं वेगळं आणि हाताला पटणं वेगळं, हे पुढे कळायचं होतं.

जानेवारीत तो झगा त्यांच्या टेबलावर आला. सोबत एक पत्र होतं, ते मॉरीनने वाचून दाखवलं. त्या बंदरातल्या एका दुकानदाराने मँचेस्टरच्या कापडवाल्याला लिहिलेलं. मेणबत्त्या बऱ्या खपल्या, काकवी महाग झाली, हिवाळा लांबला, असा सगळा मजकूर. मग खाली लिहिलं होतं, की तुमचं निळ्या चौकडीचं कापड वर्षभर रोज अंगावर राहूनही विटलं नाही. खात्री पटावी म्हणून शिवलेला कपडाच नमुना म्हणून पाठवतो, असंच आणखी पाठवा. ज्या पोरीचा हा झगा, ती गेल्या महिन्यात दक्षिणेकडे विकली. नव्या मालकाने तिला त्याच्याकडचे कपडे घातले. आणि पुढच्याच ओळीत पुन्हा मेणबत्त्या.

लीलावतीबाईंना राग आला. अडीचशे वर्षं उशिरा आला म्हणून तो काही कमी नव्हता. त्या दुकानदारात राक्षसासारखं काहीच नव्हतं. बाईंना अस्तराचं कापड देणारा दुकानदारही अशीच पत्रं लिहायचा, हवापाण्याची चौकशी करणारी, आणि याचाच त्यांना धसका बसला. त्या आठवड्यापासून ट्रॅममध्ये ते बंदर दिसू लागलं.

उन्हाळ्यात प्रदर्शन भरणार होतं. झग्याशेजारी लावायच्या पाटीचा मसुदा तयार झाला: ‘कापडाचा नमुना. शिवण हलकी, ओबडधोबड.’ बाईंना ते झोंबलं. कापड कुणी विणलं, कुणी विकलं, कुठल्या जहाजातून गेलं, सगळं म्युझियमला ठाऊक होतं. जिने ते शिवलं तिच्या नावावर मात्र एवढा एक शेरा.

मार्चमधल्या एका मंगळवारी मॉरीन मीटिंगला गेली होती. बाई भिंगातून झग्याची खालची दुमड बघत होत्या. ती जाड वाटली. टाके ओबडधोबड होते हे खरं, पण ते लांब आणि सैल होते, सगळे सारखेच सैल. असे टाके शिवणारी दोनच कारणांनी घालते. एक तर तिला शिवता येत नाही, नाहीतर पुढे ते तिला सहज उसवायचे असतात. बाईंच्या कार्डिगनला आतून एक सेफ्टी पिन होती. शिवणकाम केलेल्या बाईच्या अंगावर अशी एखादी सापडतेच. जित्याची खोड म्हणतात ती हीच. मनाला नियम आठवेपर्यंत हाताने दोन टाके उचलले होते.

आत कापड होतं. एक घडी, तिच्याखाली आणखी एक. चार बोटं. दुकानदार काहीही लिहो, बाहेरचा निळा फिका पडला होता, आतला मात्र काल ताग्यातून कापल्यासारखा होता. बाईंनी नजरेने माप घेतलं. दुमड सोडत गेलं असतं तर झगा मुलीला दहाव्या वर्षापर्यंत पुरला असता. कुणीतरी तिची पुढची चार वर्षं तिथे दुमडून ठेवली होती. ती कुणी उसवलीच नव्हती.

लीलावतीबाई खुर्चीत टेकल्या आणि त्यांना देवयानीचा पिवळा फ्रॉक आठवला. नवराबायको इथे आले तेव्हा देवयानी तीन वर्षांची होती. नोकरी पक्की नाही, राहायला एक खोली, म्हणून तिला मिरजेला मावशीकडे ठेवलं. सहा महिन्यांची गोष्ट होती, तिची अडीच वर्षं झाली. बाईंनी अंदाजाने फ्रॉक शिवून पाठवला, सहा बोटं माया सोडून. देवयानी विमानातून तोच घालून उतरली. मावशीने आतलं सगळं कापड सोडलं होतं, तरी तो गुडघ्याच्या वरच राहिला होता. आपलं दुःख त्या दुःखाच्या पासंगालाही पुरणार नाही, हे बाईंना कळत होतं. त्यांची लेक विमानातून उतरली तरी होती.

मॉरीन यायला अजून अर्धा तास होता. दोन टाके त्याच भोकांतून परत घालायचे, म्हणजे बाईंच्या हाताला दोन मिनिटांचं काम. ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. मंगळवारही राहिला असता. पण दुमड मिटली की ती चार बोटंही मिटली, आणि झगा पुन्हा नुसता नमुना झाला. बाईंनी पिन टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली आणि हात मांडीवर घेऊन वाट बघत बसल्या.

मॉरीन आली तेव्हा त्या म्हणाल्या, “मी दोन टाके उसवलेत. माझं काय करायचं ते नंतर ठरवू. आधी हे बघा.”

मॉरीनने आधी पिनेकडे पाहिलं, मग ती खाली वाकली. बराच वेळ ती वाकलेलीच होती. तिने फोटो काढले, मापं घेतली, बाईंनी सांगितलेला शब्द न् शब्द उतरवून घेतला. शेवटी म्हणाली, की नियम तिने केलेला नाही पण तो तिला मोडता येणार नाही. पुढच्या मंगळवारपासून येऊ नये. बाईंनी मान हलवली. मग पाटीवरून दोघींचं थोडं वाजलं. मुलीच्या आईने शिवलाय असं लिहा, बाई म्हणाल्या. आईने शिवल्याचा पुरावा नाही, मॉरीन म्हणाली, आणि पुराव्यापुढे ती तसूभरही सरकेना.

“बरं, आई म्हणू नका,” लीलावतीबाई म्हणाल्या. “पण जिने शिवला, तिला ही मुलगी मोठी झालेली बघायची होती. एवढं लिहा.”

देवयानीने फोनवर कपाळाला हात लावला असावा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ही म्हण तिला येत नव्हती. “आई, यू कुड हॅव जस्ट स्टिच्ड इट बॅक, ना? कोणाला कळला नसता.” म्हणूनच सांगितलं, असं आई म्हणाली.

मंगळवार आता इतर सहा दिवसांसारखाच झाला. बाई एकदोनदा उगाच ट्रॅममध्ये बसून शेवटपर्यंत गेल्या आणि परत आल्या. डोळे मिटले तर नुसतं धुकं दिसायचं.

जुलैत मॉरीनने स्वतः लिहिलेलं निमंत्रण आलं. देवयानी क्रॉयडनहून आली आणि मायलेकी प्रदर्शनाला गेल्या. झगा काचेमागे होता. दुमडीचा एक कोपरा उलगडून ठेवला होता, खाली छोटा आरसा, आणि आरशात तो न विटलेला निळा. देवयानीने पाटी मोठ्याने वाचली. आत चार बोटं कापड राखून ठेवलं आहे. शिवणारीला ही मुलगी मोठी होताना बघायची होती. ‘ओबडधोबड’ कुठेच नव्हतं.

लीलावतीबाईंनी क्षणभर डोळे मिटले, तर बंदर परत आलं. काकवीचा वास, खिडकीच्या झडपेच्या फटीतून आलेलं ऊन. मुलीचं तोंड आजही दिसलं नाही. दिसले ते झग्याची दुमड घालणारे दोन हात, घाई न करणारे.

“तो यलो फ्रॉक,” देवयानी शेजारून हळूच म्हणाली. “मी विमानात सारखी खाली ओढत होते तो. मावशी म्हणाली होती, शॉर्ट दिसला तर आईला वाईट वाटेल.”

चाळीस वर्षं बाईंना वाटत होतं, की फ्रॉक आखूड झालेला फक्त आपल्यालाच दिसला होता. त्यांनी लेकीचा हात धरला, आणि दुसऱ्या हाताची चार बोटं काचेवर आडवी ठेवली, दुमडीच्या बरोबर समोर. काचेला हात लावू नये अशी पाटी तिथेच होती. पलीकडे उभ्या असलेल्या मॉरीनने ते पाहिलं, आणि ती दुसरीकडे बघू लागली.